'आउट ऑफ स्टेशन' लिहिताना

'आउट ऑफ स्टेशन' हा इंग्रजी विशेषण-पदबंध 'परगावी गेलेला' या अर्थाने भारतात सर्रास लिहिला जातो. त्यातले 'स्टेशन' रेल्वेचे नव्हे. कंपनी सरकारच्या काळात अधिकारी आणि फौज जिथे नेमलेली असे, ते ठाणे म्हणजे स्टेशन. बंगळुरूत तर हा शब्द वस्तीच्या नावातच होता. 1809 मध्ये श्रीरंगपट्टणची इंग्रज फौज इथे हलली आणि छावणी वसली. 1881 मध्ये म्हैसूरचे राज्य वडियारांना परत मिळाले, तरी छावणी 'सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन' म्हणून इंग्रजांच्याच कारभारात राहिली. 1947 मध्ये ती म्हैसूरकडे आली आणि 1949 मध्ये जुन्या शहराशी जोडून एक महापालिका झाली. अधिकाऱ्याला असे नेमणुकीचे ठाणे सोडायला वरिष्ठांची परवानगी लागे. महाराष्ट्रातल्या सरकारी रजेच्या अर्जात आजही 'मुख्यालय सोडण्याची परवानगी' मागतात, ती त्याच वळणाची.

त्यामुळे या प्रयोगाला अशुद्ध ठरवणे अन्यायाचे आहे. बँक, शाळा, सरकारी कचेरी इथे तो खुशाल लिहावा. अडचण येते ती वाचक परदेशी असला की. बंगळुरूच्या कंपनीतून 'मॅनेजर आउट ऑफ स्टेशन आहेत' अशी मेल गेली, तर समोरच्याला रेल्वे स्थानकच आठवते. अनुभव असा की उलट विचारणा येते आणि कामाचा एक दिवस जातो. विचारणा आलीच नाही तर गैरसमज तसाच राहतो, आणि ते जास्त महागात पडते. अशा पत्रात 'आउट ऑफ टाउन' किंवा 'ट्रॅव्हलिंग' लिहावे आणि परतण्याची तारीख द्यावी. 'आउट ऑफ ऑफिस' हा पर्याय नव्हे. त्यातून माणूस जागेवर नाही एवढेच कळते. माणूस गावातच असू शकतो. 'ऑन लीव्ह'ही वेगळे, कारण परगावी गेलेला कामावरच असेल.

पदबंध क्रियापदानंतर येतो: 'शी इज आउट ऑफ स्टेशन'. मध्ये 'द' घातला की माणूस खरोखरच स्थानकाबाहेर उभा राहतो. नामाआधी 'आउटस्टेशन' हा एकच शब्द हवा: 'आउटस्टेशन चेक', 'आउटस्टेशन टॅक्सी'. 'शी इज आउटस्टेशन' ही सरमिसळ मात्र टाळावी. 'आउट ऑफ टाउन' नामाआधी आला तर जोडरेघा लागतात, क्रियापदानंतर नाहीत. ऑस्ट्रेलियाला लिहिताना 'आउटस्टेशन'ही जपून वापरावा. तिथे तो मोठ्या पशुपालन केंद्राच्या दूरच्या ठाण्याला किंवा आदिवासींच्या आडबाजूच्या छोट्या वस्तीला म्हणतात.