कानात काडी घालू नये

बाळा, नवी इलेक्ट्रिक गिटार घेऊन हातकणंगले स्टेशनावर उतरलास, तेव्हाच तुझा हात पेचकसासाठी शिवशिवताना मी बघितला. जरा दम धर. तारांखालचा पिकअप म्हणजे गिटारचा कान. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत इवलीशी वीज उठते, अँप तीच मोठी करून ऐकवतो. या कानाची निगा म्हणजे अर्धी स्वच्छता आणि अर्धं हात आवरणं. ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा सगळ्या चुका मी करून ठेवल्यात, तुझ्या वाटणीला एकही ठेवलेली नाही.

1. वाजवायच्या आधी हात धू आणि नंतर कोरड्या सुती फडक्यानं तारा पूस — घामातल्या मिठानं तार गंजते आणि गंजाचा भुगा थेट चुंबकावर जाऊन बसतो.

2. आपला तालुका असा की इचलकरंजीत कापसाची पिंज आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांत लोखंडाची धूळ. पिंज मऊ ब्रशनं झटक, लोखंडाचा कण चिकटपट्टीनं टिप — तो पुसला जात नाही, नुसता जागा बदलतो.

3. फ्रेट घासायला तारेची घासणी घेतलीसच, तर आधी पिकअप कागदी टेपनं पूर्ण झाक. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मी तशीच घासली होती — सकाळी बघतो तर पिकअपला दाढी!

4. पिकअपची उंची बघताना तार शेवटच्या फ्रेटवर दाब आणि मधे साधारण 2 मिलिमीटर फट ठेव. जाड तारेकडे किंचित जास्त, बारीक तारेकडे किंचित कमी. मोजायला प्लास्टिकची पट्टी घे — स्टीलची चुंबकाला चिकटते.

5. आवाज मोठा हवा म्हणून पिकअप तारेच्या नाकाला लावू नकोस — चुंबक तार ओढतो, सूर लवकर विझतो आणि वरच्या फ्रेटवर जाड तार बेसूर होते. जवळीक जादा, सुराला बाधा.

6. स्क्रू पाव फेरा फिरव, वाजव, ऐक, मगच पुढचा पाव. पेचकस दोन्ही हातांनी सांभाळ — चुंबक त्याला हिसका देतो, आणि टोक वेढ्यांवर घसरलं की कान बहिरा. माझा एक असाच गेला.

7. मागाची मोटर, मंडपातल्या माळा, जवळचा ट्रान्सफॉर्मर, यांच्याजवळ सिंगल कॉइल पिकअप घुमतोच, त्याला शिव्या देऊ नकोस. थोडा वळून उभा राहा — आपल्या विजेची 50 हर्ट्झची घरघर दिशेप्रमाणे कमीजास्त होते.

8. ती घरघर अजिबातच नको असेल तर हमबकर पिकअप घे. सेथ लव्हर यांनी 1955 च्या सुमारास गिब्सन कंपनीत तो घडवला. युक्ती साधी — दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडून त्यांचे चुंबकध्रुवही उलटे ठेवले की घरघर आपसात खोडली जाते, सूर मात्र राहतो.

9. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर ठीक. पण झिणझिण्या आल्या तर गाणं तिथंच थांबव आणि वायरमनला बोलाव — अर्थिंग बिघडलेल्या मंडपात शूरपणा करायचा नसतो. गाणं उद्याही होतं.

10. मिरवणुकीत वाजवणं थांबलं की गिटारवर कापड टाक — गुलाल घामाला धरून फटीत शिरतो आणि ओल सोडत नाही. बेंजो पार्टीतल्या बेंजोला पिकअप असेल तर त्यालाही हेच पथ्य.

11. जून ते सप्टेंबर गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव, ओलसर भिंतीला टेकवू नकोस — आधी स्क्रू गंजतो आणि मग तो फिरायलाच तयार नसतो.

12. आवाज करकरला की आधी केबल, मग जॅक, मग व्हॉल्यूमचं बटण तपास — बहुतेक वेळा चोर तिथंच सापडतो. घसा बसला म्हणून कान कापू नये.

13. गिटार नवी असतानाच मल्टिमीटरनं प्रत्येक पिकअपचा रोध मोजून वहीत तारखेसह लिही — पुढं मीटरनं काहीच दाखवलं नाही तर वेढा तुटला हे लगेच कळतं. मे महिन्यात आकडा थोडा चढला तर घाबरू नकोस. 10 अंश तापमान वाढलं की तांब्याचा रोध सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो.

14. पिकअपच्या वायरीला डाख लावायचा तर बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न घे आणि दोन-तीन सेकंदांत उचल. हुपरीचा चांदीकाम करणारा मित्र कितीही जिवाचा असला तरी त्याची ज्योत इथं नको — पैंजण तावून निघतं, वेढे गुंडाळलेलं प्लास्टिकचं बॉबिन वितळून जातं.

15. मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारू लागला तर आतले वेढे सैल झालेले असू शकतात. त्यांना मेण पाजावं लागतं. ते काम जाणत्या कारागिराकडे दे — गॅसवर मेण वितळवताना पेट घेतं, आणि तुझ्या काकूचं पातेलं जातं ते वेगळंच.

एवढं सांभाळलंस की उरलेला वेळ रियाजाचा. आता जा, हात धू, आणि तो पेचकस माझ्याकडे देऊन जा.