पत्त्यातले धुरे

पाकिटावर पत्ता लिहिताना आपण आधी नाव, मग मोहल्ला, गाव, तालुका आणि जिल्हा लिहितो. म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे जातो. पिनकोड मात्र उलटा चालतो. सानगडी ज्या तालुक्यात आहे, त्या साकोलीचा पिनकोड ४४१८०२ आहे. त्यातला पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग दाखवतो. शेवटचे तीन अंक टपाल कचेरीचे असतात. कोलकात्यात पत्रे छाटणाऱ्या माणसाला साकोली ठाऊक नसली तरी चालते. पहिला अंक पाहून तो पत्र योग्य थैलीत टाकतो. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तयार केली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली.

संगणकाचा आयपी पत्ताही असाच वाचतात. १९२.१६८.१०.७० हा पत्ता पाहा. त्यात चार संख्या आहेत आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांपैकी असते. पुढचा भाग जाळे सांगतो, मागचा भाग त्या जाळ्यातला संगणक सांगतो.

समजा, एका शाळेजवळ १९२.१६८.१०.० पासून १९२.१६८.१०.२५५ पर्यंतचे २५६ पत्ते आहेत. सगळे संगणक एकाच जाळ्यात ठेवले तर एकाने दुसऱ्याला शोधण्यासाठी मारलेली हाक सर्वांना ऐकू जाते. शिवाय गुणपत्रके असलेला कार्यालयाचा संगणक मुलांच्या संगणकांपासून वेगळा असलेला बरा. म्हणून जाळ्याचे भाग करतात. अशा भागाला सबनेट म्हणतात.

आपल्या भागात धानाचे शेत कसे असते? धुरे घालून त्याच्या बांध्या करतात. पाणी बांधीत थांबते. पण धुऱ्याखाली गेलेल्या जमिनीत धान होत नाही. सबनेटचेही तसेच आहे. प्रत्येक भागातला पहिला पत्ता त्या भागाचे नाव म्हणून जातो आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखलेला असतो. दोन पत्ते धुऱ्यात गेले!

आता हिशेब करू. २५६ चे चार भाग केले, तर प्रत्येकात ६४ पत्ते येतात. दोन वजा करून ६२ उरतात. चार भागांत मिळून २४८ संगणक बसतात. आठ भाग केले तर प्रत्येकात ३०, म्हणजे एकूण २४०. धुरे वाढले, पीक घटले. तीन समान भाग मात्र करता येत नाहीत, कारण संगणक फक्त ० आणि १ ओळखतो; त्याचे भाग २, ४, ८, १६ असेच पडतात. तीन हवे असतील तर चार करावेत आणि एक पुढच्यासाठी ठेवावा.

धुरा कुठे आहे, हे संगणकाला सबनेट मास्क सांगतो. २५६ मधून ६४ वजा केले की १९२; म्हणून मास्क २५५.२५५.२५५.१९२. भाग असे पडले: ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५. एका भागातून दुसऱ्यात जायला राऊटर लागतो. कोणाला जाऊ द्यायचे, हेही राऊटरवरच ठरवावे लागते. नुसत्या धुऱ्याने कुलूप लागत नाही.

मास्क चुकला तर गंमत नाही. ७० क्रमांकाच्या संगणकावर चुकून २५५.२५५.२५५.० लिहिले, तर तो १३० क्रमांकाला आपला शेजारी समजतो आणि राऊटरकडे न जाता त्याला थेट हाक मारतो. हाक धुऱ्यापलीकडे जात नाही. तार चांगली, यंत्र चांगले, तरी काम बंद!

ही काटकसर जगालाही उपयोगी पडली. १९८१ च्या पद्धतीत जाळ्यांचे तीनच मुख्य आकार होते. २५६ पत्ते अपुरे पडणाऱ्या संस्थेला पुढचा आकार म्हणजे थेट ६५,५३६ पत्ते घ्यावे लागत. उरलेले पडीक राहत. १९८५ मध्ये आतल्या भागांचा नियम झाला आणि १९९३ मध्ये ठरीव आकारच काढून टाकले. तरीही एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला.

आता वहीत सोडवा: वरच्याच चार भागांत १९२.१६८.१०.१०० आणि १९२.१६८.१०.१२९ हे दोन संगणक एकाच बांधीत आहेत का? आठ भाग केले तर मास्कची शेवटची संख्या किती येईल?