थ्री-नॉट-थ्रीचा अडकलेला दस्ता

आषाढ लागला की आमच्या बिबवेवाडीतल्या जुन्या घरांची लाकडी दारे चौकटीत अडकू लागतात. सुतार येतो, दाराची कड रंधून जातो, आणि तेच दार एप्रिल महिन्यात चौकटीत खुळखुळू लागते. दार तेच, चौकटही तीच. बदलली ती केवळ हवेतली आर्द्रता. हीच गोष्ट लाकूड आणि लोखंड यांच्या सांध्यात घडली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी आपण एका जुन्या लष्करी बंदुकीचे उदाहरण घेऊ.

ही बंदूक म्हणजे पोलिसांच्या आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या संचलनांतून पिढ्यान् पिढ्या ओळखीची झालेली थ्री-नॉट-थ्री. तिच्या नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मि.मी. असतो, म्हणून हे नाव. ब्रिटिश सैन्याने १९०७ साली स्वीकारलेला तिचा प्रकार कोलकात्याजवळ ईशापूरच्या रायफल कारखान्यात अनेक दशके तयार होत होता. तिची काडतुसे तयार करणाऱ्या कारखान्यांत १८६९ साली सुरू झालेला आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा कारखानाही होता.

या बंदुकीचे लाकूड सलग नसते. नळीखालचे पुढचे लाकूड वेगळे आणि खांद्याला लावायचा दस्ता वेगळा. यामागे व्यावहारिक विचार होता. दस्ते चार लांब्यांचे करता येत आणि शिपायाच्या हाताच्या लांबीप्रमाणे हवा तो बसवता येई. दस्त्याच्या पुढच्या टोकाला, सुतार ज्याला कुसू म्हणतात तसे एक टोक काढलेले असते. ते बंदुकीच्या मधल्या पोलादी भागाला असलेल्या खोबणीत घट्ट बसते. दस्त्याच्या आत लांबलचक भोक असून त्यातून एक लांब बोल्ट पुढे जातो आणि पोलादात आटे धरून दस्ता आवळून ठेवतो.

आता बोल्ट पूर्ण काढला तरी दस्ता निघत नाही, अशी वेळ जुन्या बंदुकीवर हमखास येते. का बरे?

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी समजा. या नळ्यांच्या भिंती ज्या लांब रेणूंच्या बनलेल्या असतात, ते बहुतेक नळीच्या लांबीच्या दिशेने पसरलेले असतात. पाण्याचे रेणू त्यांच्या मध्ये शिरतात आणि त्यांना एकमेकांपासून बाजूला ढकलतात. त्यामुळे लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. बंदुकीला वापरतात ते अक्रोडाचे लाकूड ओल्या अवस्थेतून पूर्ण कोरडे केले, तर वाढीच्या वर्तुळांना स्पर्शिकेच्या दिशेने सुमारे ७.५ टक्के, त्रिज्येच्या दिशेने सुमारे ५.५ टक्के आणि लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसते. सागवान याच्या मानाने फार शहाणे. ते स्पर्शिकेच्या दिशेने सुमारे ५ टक्केच हलते. दारे-खिडक्यांना सागाचा मान आहे तो काही उगीच नाही.

भिंतींमध्ये मावेल तेवढे पाणी भरले, की लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के होते. त्यापुढचे पाणी नळ्यांच्या पोकळीत साठते, त्याने फुगवटा वाढत नाही. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकडातील पाणी ६-७ टक्क्यांपर्यंत उतरते, तर भर पावसाळ्यात ते १६-१७ टक्क्यांपर्यंत चढते. फरक १० टक्क्यांचा, म्हणजे ३० च्या एकतृतीयांश. तेव्हा फुगवटाही ७.५ च्या एकतृतीयांश, म्हणजे २.५ टक्के. कुसू ४० मि.मी. रुंद आहे असे धरले, तर ते १ मि.मी. फुगू पाहील.

आता कोणीही हुशार विद्यार्थी म्हणेल, “पोलादी खोबण तापवा, ती प्रसरण पावेल.” चला, गणित करून पाहू. पोलादाचा रेषीय प्रसरण गुणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१२ आहे. खोबण ६० अंशांनी तापवली तर ४० मि.मी. रुंदीत पडणारा फरक ४० × ०.००००१२ × ६० = ०.०२९ मि.मी. इतकाच. एका बाजूला १ मि.मी., दुसऱ्या बाजूला त्याचा पस्तिसावा हिस्सा! बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती जाळात लाल करतो. तेथे तापमानातला फरक शेकडो अंशांचा आणि घेर कित्येक फुटांचा असतो, म्हणून उष्णतेची युक्ती चालते. दस्त्याच्या बाबतीत तेवढे तापवायचे तर लाकडाचा कोळसा होईल. उष्णतेचा येथे खरा उपयोग पोलाद वाढवण्यासाठी नसून लाकूड सुकवण्यासाठी आहे.

पण सुकवायचे तेही बेताने. शेगडीवर धरले तर बाहेरचा थर आधी सुकून आकसतो, आतला फुगलेलाच राहतो, आणि मग लाकडाला चिरा पडतात. बंद पेटीत विजेचा एक पिवळा दिवा लावून त्या उबेत सुटा केलेला भाग आठ-पंधरा दिवस ठेवणे उत्तम. दर दोन दिवसांनी वजन करावे. वजन उतरायचे थांबले की समजावे, या हवेत जेवढे पाणी जायचे तेवढे गेले. तराजू हे येथे घड्याळापेक्षा भरवशाचे साधन आहे.

फुगवट्याशिवाय आणखी दोन चोर असतात. लाकडाला वर्षानुवर्षे चोळलेले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि सांध्यात सरसासारखे धरून बसते. दुसरा चोर गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणजे आपण होऊन पाचरीचे काम करतो.

घर्षण किती असेल? कुसवाचा घेर १२० मि.मी. आणि खोबणीत गेलेली लांबी ३० मि.मी. धरली, तर स्पर्शाचे क्षेत्रफळ ३,६०० चौ. मि.मी. होते. सरासरी दाब प्रति चौ. मि.मी. २ न्यूटन आणि घर्षण गुणांक ०.४ घ्या. घर्षणबल ३,६०० × २ × ०.४ = २,८८० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २९४ किलोग्रॅम वजनाइतके! दोन पैलवानांनी दोन्ही टोके धरून ओढले तरी दस्ता ढिम्म हलणार नाही.

येथे हातोडी मदतीला येते. अर्धा किलोग्रॅमची हातोडी सेकंदाला ४ मीटर वेगाने येऊन आदळली, तर तिचा संवेग २ एकक. ती एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात थांबली, तर सरासरी बल २ ÷ ०.०००५ = ४,००० न्यूटन. ओढून जे बल मिळत नाही ते एका ठोक्याने क्षणभर मिळते. मात्र ठोक्याची ऊर्जा अवघी ४ ज्यूल आहे. २,८८० न्यूटनच्या विरोधात ती फार तर १.४ मि.मी. सरकवील. म्हणून एक जबरदस्त घाव घालण्याऐवजी धीराने अनेक बेताचे ठोके द्यावे लागतात. दोन ठोक्यांच्या मध्ये दस्ता थोडा डावी-उजवीकडे हलवणेही चांगले. घर्षण हे प्रत्यक्ष गतीच्या विरुद्ध दिशेने असते; गती आडवी असली की घर्षणही बहुतांशी आडवे होते आणि लांबीच्या दिशेने थोड्या बलाने काम भागते. बाटलीचे बूच आपण पिळत पिळत ओढतो ते याचमुळे.

ठोका कोठे द्यायचा, ही जाणकार कारागिराची युक्ती मोठी सुंदर आहे. बोल्ट पूर्ण काढायचा नाही, काही आटे सैल करायचा आणि बरेच आटे पोलादात राहू द्यायचे. आता बोल्टचा माथा लाकडापासून सुटा होतो. दस्ता हातात धरून मागच्या भोकातून लोखंडी सळई घालावी आणि तिच्यावर ठोकावे. ठोका लाकडाला न बसता बोल्टमार्फत थेट पोलादी भागाला बसतो आणि तो दस्त्यातून पुढे सरकतो. लाकडाला ओरखडाही नाही.

पण त्याआधीची एक गोष्ट चुकली तर सर्वच बिघडते. या १९०७ च्या प्रकारात बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असून ते पुढच्या लाकडातील धातूच्या पट्टीत अडकलेले असते, जेणेकरून बोल्ट आपोआप सैल होऊ नये. पुढचे लाकूड न काढता बोल्ट फिरवला तर ते चौकोनी टोक तरफेसारखे त्या लाकडाला फाडते. अक्रोडाचे लाकूड तंतूंच्या दिशेने जेवढा ताण सोसते, त्याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपासच तंतूंना आडवा सोसते. परिणाम उघड आहे. म्हणून क्रम असा: आधी पुढचे लाकूड, मग दस्त्याच्या भोकात कोंबलेला चामड्याचा बोळा, मग बोल्ट. नंतरच्या चार नंबरच्या प्रकारात ही चौकोनी भानगड काढून टाकली गेली.

अर्थात बंदूक हाताळणे हे परवानाधारकाचे आणि शस्त्रागारातील कारागिराचे काम. १९५९ चा शस्त्र कायदा तसे सांगतो. तुम्हाला हेच सारे कुदळीवर पाहता येईल. दांडा सैल झाला की कुदळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. सकाळी दांडा घट्ट बसतो खरा, पण आठवड्याने तो पहिल्यापेक्षाही सैल होतो. कारण लोखंडाच्या भोकात कोंडलेल्या लाकडाला फुगायला जागा नसते. आडव्या दिशेने लाकूड एक टक्क्याच्या आसपासच दबून परत मूळ आकार घेऊ शकते. त्यापुढे नळ्यांच्या भिंती चेपतात त्या कायमच्या. मग सुकल्यावर लाकूड आकसते ते या चेपलेल्या मापापासून. दांड्याला पाचर मारणे हाच खरा उपाय.

बंदुकीच्या दस्त्याचेही तेच होते. कित्येक पावसाळे खोबणीत चेपलेले कुसू सुकवून बाहेर काढले, की पुन्हा बसवताना ते डुगडुगते. तेव्हा कारागीर त्याभोवती कागदाची किंवा पातळ धातूची पट्टी देतो, बोल्टच्या माथ्याखाली स्प्रिंग वॉशर घालतो आणि तंतूंच्या उघड्या टोकाला आधी तेल पाजतो. कारण लाकूड पाणी सर्वांत भराभर पिते ते तेथूनच.