धातु आणि चिनीमाती यांचा सांधा

पितळेच्या तांब्यास डाख बसतो. चिनी पेल्याच्या तुटलेल्या कानास कां बसत नाहीं, असा प्रश्न आम्हांस पडला. शुद्ध अॅल्युमिनाच्या तापलेल्या तुकड्यावर वितळलेल्या रुप्याचा थेंब सोडला, तर तो अळवाच्या पानावरील पाण्याप्रमाणें गोळा होऊन राहतो. अॅल्युमिनांतील अणु प्राणवायूशीं आधींच घट्ट जखडलेले असतात; परक्या रसाशीं सोयरीक करण्यास ते राजी नसतात.

येथें टायटेनियम उपयोगी पडतें. ७२ भाग रुपें व २८ भाग तांबें यांचें मिश्रण सुमारें ७८० अंश सेंटिग्रेडवर वितळतें. त्यांत थोडें टायटेनियम मिसळलें, कीं तें अॅल्युमिनांतील प्राणवायूशीं संयोग पावून तेथें एक पातळ थर निर्माण करतें, व त्यावर रस पसरतो. भट्टी मात्र निर्वात हवी. नाहींतर टायटेनियमची भूक हवेंतील प्राणवायूनेंच भागावयाची!

खरी कसोटी भट्टी निवतांना. प्रत्येक अंशास तांबें दहा लक्षांत सुमारें १७ भाग आक्रसतें, अॅल्युमिना अवघें सात-आठ. अशा वेळीं पुष्कळदां सांधा सुटत नाहीं, त्यालगतचें अॅल्युमिनाच तडकतें. दाब सोसण्यांत तें शूर, ताण सोसण्यांत दुबळें. म्हणून लोखंड, २९ टक्के निकेल व १७ टक्के कोबाल्ट यांची कोव्हार ही मिश्रधातु वापरतात. तिचें आकुंचन अॅल्युमिनाच्या बरेंच जवळ असतें. तांबेंच हवें असल्यास तें पातळ ठेवतात, म्हणजे तें स्वतः वांकून ताण गिळतें.