भरधाव गाडीचें स्टेअरिंग कां थरथरतें?

जुन्नर-आंबेगांवकडील बागायतदारांची पिकअप शेतवाटेनें बिनतक्रार चालते. परंतु पुणें-नाशिक महामार्गावर ताशीं ८० किलोमीटरांच्या सुमारास कधीं कधीं स्टेअरिंग थरथरूं लागतें. कारण बहुधा चाकाचा ढळलेला तोल होय. वेग दुप्पट होतांच त्याचा धक्का चौपट होतो. म्हणून प्रथम रिंगच्या आंतील वाळलेला चिखल खरवडावा, थंड टायरांतील हवा मोजावी, टायरास फुगवटा आहे काय तें पाहावें. तरीहि थरथर राहिल्यास बॅलन्सिंग करवावें. ती केवळ ब्रेक दाबतांना होत असल्यास दोष ब्रेकच्या डिस्कमध्यें शोधावा. शेवटीं मागील चाकांस दगड लावून पुढील चाक जॅकवर उचलून हलवावें. तें खुळखुळल्यास बेअरिंग अथवा टायरॉडचे सांधे झिजले असें समजावें. अशी गाडी दुरुस्तीवांचून नारायणगांवच्या बाजारास नेऊं नये; एका दिवसाचा भाव हुकला तरी चालेल, असें आम्ही वाचकांस आग्रहानें सांगतों.