वारंवार गैरहजर राहणारे मूल व सिकलसेल व्याधी



शाळा तपासणीच्या वेळी हजेरीपट पाहताना काही नावांपुढे दर महिन्यास चार-सहा दिवसांची गैरहजेरी आढळते. कारण विचारता ‘हातपाय दुखतात’ असे उत्तर मिळते आणि मूल आळशी ठरते. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा यांसारख्या जिल्ह्यांत या गैरहजेरीमागे सिकलसेल ही आनुवंशिक व्याधी असू शकते. निदान करणे हे डॉक्टरांचे काम होय. परंतु मुलास वेळेवर त्यांच्यापर्यंत पोहोचविणे शिक्षकास सहज साधते.

व्याधीचे स्वरूप

रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असतात. या व्याधीत हिमोग्लोबिन सदोष असते. त्यामुळे प्राणवायू कमी पडताच पेशी ताठर होऊन विळ्याचा आकार घेतात. त्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकल्या म्हणजे तीव्र वेदना होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते; विळ्याकार पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्तक्षय होतो व डोळे पिवळसर दिसतात. ही व्याधी संसर्गजन्य नाही. मुलास निराळे बसविण्याचे काहीच कारण नाही.

आनुवंशिकता कशी समजवावी

दोन वाट्या घ्याव्यात. एक आईची, एक वडिलांची. प्रत्येकीत जोंधळ्याचा एक दाणा (निर्दोष जनुक) व तुरीचा एक दाणा (सदोष जनुक) ठेवावा. असे आईवडील ‘वाहक’ होत. सर्वसाधारणपणे त्यांना स्वतःस त्रास नसतो. आता डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा उचलावा. दोन्ही तुरीचे आले तर मूल रुग्ण, एक तुरीचा आला तर वाहक, दोन्ही जोंधळ्याचे आले तर निर्दोष. चारांत एक, चारांत दोन व चारांत एक असा हा संभव प्रत्येक गर्भधारणेस नव्याने लागू होतो. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुटली असे नव्हे. दाणा दोन्ही वाट्यांतून आला, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे. म्हणजे एकट्या आईस दोष देण्याची रीत आपोआप निराधार ठरेल.

ध्यानात घ्यावयाची चिन्हे

१. हाडे व सांधे वारंवार दुखणे.
२. फिकेपणा, डोळ्यांत पिवळेपणा, लवकर थकवा.
३. वारंवार ताप, वाढ खुंटणे.

ही चिन्हे इतर आजारांतही आढळतात. म्हणून आरोग्यसेविकेमार्फत रक्ततपासणी करवावी. उपकेंद्रातील प्राथमिक चाचणी बोटातील थेंबभर रक्तावर होते. त्यात दोष दिसल्यास पुढील चाचणीने मूल रुग्ण की वाहक हे ठरते.

शाळेतील व्यवस्था

१. पाणी वारंवार पिऊ द्यावे व लघवीस जाण्यास अडवू नये. या मुलांस लघवी अधिक होते.
२. कडक उन्हात कवायत, थंडीत भिजणे, दमछाक होईल असे खेळ टाळावेत. सोसतील ते खेळ खेळू द्यावेत.
३. वेदना सुरू झाल्यास उबेत निजवावे, पाणी द्यावे, पालकांस कळवावे. बर्फ लावू नये.
४. डॉक्टरांनी दिलेली फॉलिक आम्ल, हायड्रॉक्सीयुरिया आदी औषधे खंडित होऊ नयेत, याकडे पालकांचे लक्ष वेधावे.
५. बुडालेला अभ्यास भरून द्यावा.

१०१ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अंगाची एक बाजू अकस्मात लुळी पडणे, पोट डावीकडे फुगणे किंवा एकाएकी पांढरे पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

तपासणीचा निष्कर्ष वर्गात वाचून दाखवू नये. विशेषतः मुलींच्या बाबतीत असा उच्चार पुढे विवाहाच्या आड येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, ही माहिती मात्र पालकांस अवश्य द्यावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील दीर्घ गैरहजेरीची कारणे नोंदवा. त्यांत दुखण्याची किती?
२. एक पालक वाहक व दुसरा निर्दोष असल्यास अपत्ये कशी होतील, हे दाण्यांनी करून पहा.
३. आपल्या शाळेपासून सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते व रात्री तेथे कसे पोहोचाल?