मोटारीवाचूनचे माथेरान

परभणीहून मुंबईकडे निघालेला प्रवासी कल्याणला गाडी बदलून नेरळला उतरतो. तेथून दोन फूट रुंदीचा लोहमार्ग नागमोडी वळणे घेत सह्याद्रीच्या माथ्यावरील माथेरानास पोहोचतो. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी बांधविलेली ही चिमुकली गाडी १९०७ साली सुरू झाली. मोटारीने येणाऱ्यांस मात्र दस्तुरी नाक्याशीच उतरावे लागते. पुढे तांबड्या मातीची वाट, दाट झाडी आणि घोड्यांच्या टापा. गावात कर्णा ऐकू येत नाही. केवढे हे सुख!

स्वित्झर्लंडमधील झेरमाट गावीही बाहेरच्या मोटारींस मज्जाव आहे. परंतु तेथे विजेवर चालणारी लहान वाहने फिरतात. माथेरानात पुष्कळ वर्षे तशी सोय नव्हती. वृद्धांना व मुलांना बसवून रिक्षा माणसेच ओढीत. चढावर एकजण पुढून ओढी, इतर मागून रेटीत. उतारावर तीच रिक्षा अंगावर येऊ नये म्हणून पाय रोवावे लागत. प्रवाशाला सुखविणाऱ्या शांततेचे मोल त्यांचे खांदे देत होते. विजेच्या रिक्षा आणाव्यात, ही मागणी त्यांचीच. त्यामुळे आपली मिळकत बुडेल, अशी घोडेवाल्यांना धास्ती वाटली. तीही अगदीच निराधार म्हणता येणार नाही. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा पुरविण्याचा आदेश दिला.